तेवीस वस्तूंची पिशवी

३ जुलै, गुरुवार

शिट्टी नाही. पिशवी दोनदा उपसली. दोन्ही वेळा एकच निघाली. यादीच्या सहाव्या ओळीत स्पष्ट लिहिले आहे — "शिट्ट्या, दोन". यादी माझ्या हातची, पिशवी मी भरलेली, मे महिन्याच्या अखेरीस ओळीने तपासलेली. सबब चूक माझी नाही. शिट्टी कोणीतरी नेली आहे.

पिशवी दाराआडच्या खुंटीवर असते. तिथेच असायला हवी. धरणावरचा भोंगा वाजल्यापासून आमच्या गल्लीत पाणी शिरेपर्यंत अर्धा तास मिळेल, असे जिल्हा कार्यालयाच्या बाई नकाशा पसरून सांगून गेल्या आहेत. नकाशात आमची गल्ली तांबडी आहे. "आजोबा, सामानसुमान काही घ्यायचं नाही. ही पिशवी उचलायची आणि टेकडीवरच्या शाळेत यायचं." बाई नेमके बोलतात. अशी माणसे आता दुर्मिळ.

दाराशी उभे राहून आत हात घालणे कोणालाही शक्य आहे. आमच्या दाराशी सारखा उभा राहणारा मनुष्य एकच — शेजारचा शिंपी.

हिला विचारले. म्हणाली, "शिट्टीच ना? एक पुरे की तुम्हाला. दोन तोंडांनी वाजवणार आहात का?" हसण्यावारी नेले.

५ जुलै, शनिवार

शिंपी आज पायरीवर उभा राहून विचारतो, "काका, दुपारी कुठल्या खोलीत पडता तुम्ही?"

मी म्हणालो, "आपणांस काय करायचे आहे?"

"सहज हो. आणि कडी? आतून लावता?"

"लावतो. खालचीही आणि वरचीही."

त्याचा चेहरा उतरला. "वरची नका लावत जाऊ, काका."

लोकांना दारे उघडी ठेवण्याचा उपदेश करणारा मनुष्य काय हेतूने फिरतो, हे समजायला न्यायाधीश व्हावे लागत नाही. आज दोन्ही कड्या लावल्या. मध्ये खुर्चीही सरकवून ठेवली.

६ जुलै, रविवार

सराव. घर ते शाळेचे फाटक एकोणीस मिनिटे. गेल्या रविवारी वीस लागली होती. गल्लीच्या टोकाला डावे वळण, पाण्याची टाकी, मग बहात्तर पायऱ्या. कोठेही थांबलो नाही. वय एकोणऐंशी.

ही आली नाही. दूध गॅसवर होते म्हणे. गेल्या खेपेस डोके दुखत होते. त्याच्या आधी कोणीतरी भेटायला येणार होते. कोणी आले नाही. "तुम्ही वाट नीट पाहून घ्या, मग मला सांगा." किती वेळा सांगायचे? पायऱ्यांपाशी आलो की ही विषय बदलते.

८ जुलै, मंगळवार

आता टॉवेल एक, पेला एक, गोळ्यांची एक डबी, घोंगडी एक. शिट्टी धरून तेविसांपैकी पाच ओळी अपुऱ्या. चोर विचित्र आहे. सगळे नेत नाही. जोडीतले एक नेतो. माझ्या लक्षात येऊ नये, हाच हिशेब असणार. त्याला ठाऊक नाही की छत्तीस वर्षे मी छापखान्यात मुद्रिते तपासली आहेत. गळालेला काना मला झोपेतही टोचतो.

वॉर्ड कार्यालयासाठी तक्रारअर्ज लिहिला. शिंप्याचे नाव घातले नाही. "एक विशिष्ट शेजारी" असा उल्लेख केला. अर्ज टेबलावर ठेवला होता, संध्याकाळी तोही नाहीसा. ही म्हणते, "रद्दीत गेला असेल."

कोठेतरी पाणी मुरते आहे.

९ जुलै, बुधवार

सकाळी जिल्हा कार्यालयाची गाडी कर्णा लावून फिरली. धरण ऐंशी टक्के भरले. घरोघर वाटलेल्या पत्रकातील शेवटचा तक्ता ज्यांनी भरून दिलेला नाही, त्यांनी तो या आठवड्यात वॉर्ड कार्यालयात द्यावा.

ते पत्रक मी जूनमध्येच परत पाठवले आहे. दोन पानांत अकरा चुका! "पूर" सर्वत्र ऱ्हस्व आणि "पुराचे" सर्वत्र दीर्घ, म्हणजे बरोबर उलटे. प्रत्येक चूक समासात दाखवून, वर शुद्ध प्रत जोडून टपालाने रवाना केले. पोच अद्याप नाही. ही तेव्हा म्हणाली होती, "अहो, पण त्यात लिहिलंय काय?" मी सांगितले, "अकरा चुका." तिने ते पाकिटात घालण्यापूर्वी एकदा वाचायला मागून घेतले होते, चष्मा लावून, बराच वेळ.

शेवटी एक तक्ता होता खरा. कशाचा ते आठवत नाही. मजकुरात शिरले की चुका सुटतात, म्हणून अर्थाकडे पाहायचे नाही, हे आम्हांला पहिल्याच वर्षी शिकवले होते.

११ जुलै, शुक्रवार

दुपारी डोळा लागला होता. कुजबुजीने जाग आली. बाहेर आलो तर शिंपी आणि कोपऱ्यावरचा सुतार, दोघे आमच्या दाराची रुंदी टेपने मोजत होते. ही चहाचे कप घेऊन शेजारी उभी.

"सरळ नाही निघणार, आडवी केली तर निघेल," सुतार म्हणत होता.

"आणि पाय झाडले तर?" हा शिंपी.

मला पाहून सुताराने टेप खिशात घातला. मग शिंपी म्हणतो, "काका, वजन किती असेल हो तुमचं?"

मी म्हणालो, "आपण कापड आता वजनावर बेतता काय?"

सुतार हसला. ही हसली नाही.

ते गेल्यावर विचारले. "दार फुगलंय, म्हणून बोलावलं." दार मी अकरा वेळा उघडून मिटून पाहिले. फुगलेले नाही. एकोणपन्नास वर्षांत ही माझ्याशी इतके वाईट खोटे बोललेली नाही. तिला त्याची सवयच नाही.

तेव्हा चोर बाहेरचा नाही, किंवा केवळ बाहेरचा नाही. तिघांचा मिळून काही घाट आहे. "आडवी" म्हणजे काय आडवी? पाय कोणी झाडायचे? मला कोठेतरी नेऊन पोचवायचे ठरते आहे, असे आता वाटू लागले आहे. वृद्धांच्या एखाद्या संस्थेत असेल. इथे मी कोणाला जड झालो? स्वतःचे कपडे स्वतः धुतो.

१३ जुलै, रविवार

सरावाला म्हणून निघालो, टाकीपाशी गेलो आणि तसाच परत फिरलो. मागच्या बाजूने येऊन स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिले. स्वतःच्या घरात असे डोकावण्याची लाज वाटली, पण पाहिले.

ही खुर्चीवर बसली होती, पिशवी मांडीवर. आतून तिची शाल काढली, घडी घातली, बाजूला ठेवली. मग तिचा जादा चष्मा. रिकाम्या झालेल्या जागेत माझे लोकरी मोजे कोंबले, तळव्याने दाबले, चेन लावली. भिंतीला धरून दारापर्यंत गेली आणि पिशवी खुंटीला अडकवली. स्वयंपाकघर ते दार, वाटेत दोनदा थांबली.

ती अंघोळीला गेल्यावर पिशवी पलंगावर ओतली. पेला एक. टॉवेल एक. शिट्टी एक. गोळ्या माझ्या, चष्मा माझा, मफलर माझा. ओळखपत्राची छायाप्रत माझी, तिची नाही. मी दहा दिवस वस्तू मोजत होतो. कोणाच्या वस्तू उरतात, ते एकदाही पाहिले नाही.

पिशवी एका माणसाची आहे.

१४ जुलै, सोमवार

सकाळी सरळ विचारले. तिने भाजी निवडणे थांबवले नाही.

"अहो, बहात्तर पायऱ्या आहेत."

"किती आहेत ते मला ठाऊक आहे."

"मला नव्हतं. जूनमध्ये तुम्ही पेन्शनच्या कामाला गेला होता ना, तेव्हा गेले होते एकटी. अकराव्या पायरीवर बसले. शिंप्याने बघितलं, त्याने आणून सोडलं घरी."

"मग मला सांगितले का नाही?"

"सांगितलं असतं तर भोंगा वाजल्यावर तुम्ही माझ्यापाशी बसून राहिला असता. घड्याळ बघत."



निवडलेली भाजी धुता धुता तीच म्हणाली, "रविवारी तुम्ही जाता ना, मी खिडकीतून बघते. टाकीपर्यंत दिसता. छान चालता हो अजून."

पत्रकाच्या शेवटच्या तक्त्याचे विचारले. ज्यांना चालता येत नाही, ज्यांना उचलून न्यावे लागेल, त्यांची नावे त्यात भरायची होती. म्हणजे मी तो तक्ता तपासला, त्यातल्या दोन वेलांट्या सुधारल्या आणि टपालात टाकला.

तिला म्हणालो, "उद्या जाऊन तुझे नाव देतो."

"राहू द्या हो," म्हणाली. "गर्दी असते तिथे." आणि उगाचच भाजी पुन्हा धुऊ लागली.

१५ जुलै, मंगळवार

वॉर्ड कार्यालयात गेलो. जिल्हा कार्यालयाच्या त्या बाईच वहीवर होत्या. म्हणाल्या, "तुमच्या घराची नोंद झालीये की, आजोबा. आजी जूनमध्येच कोणाच्या तरी स्कूटरवर बसून येऊन गेल्या."

नोंद हिच्या हातची आहे. "उचलून न्यायची व्यक्ती" या रकान्यात नाव माझे. कारण: "पाय धड आहेत, पण मला सोडून निघणार नाहीत. खुर्चीला बांधून न्यावे." नेमलेली माणसे: शिंपी, सुतार. तिचे स्वतःचे नाव वहीत कोठेही नाही.

माझे नाव खोडले. त्या जागी तिचे लिहिले. बाईंनी विचारले, "खुर्ची आजींसाठी. मग तुम्ही?"

म्हणालो, "मी खुर्चीमागून चालत येईन."