चाळिसावा दिवस

अप्पा, तुमची लाठी परसात अजून त्याच खुंटीवर आहे. आठवण झाली की तिला तेल लावते. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, आता पत्र कसलं, असं तुम्ही नक्की विचारलं असतंत. एक गोष्ट सांगायची राहिली आहे आणि ती ऐकून घेण्यासारखं माणूस आता घरात कोणी नाही, एवढंच कारण.

पहाटे तुम्ही गरडीत जायचात. महाराष्ट्रातल्या पाहुण्यांना तालीम म्हटलं की कळायचं, गरडी म्हटलं की ते तोंडाकडे बघत राहायचे. तिथल्या तांबड्या मातीत मुलींना पाऊल टाकता येत नसे, म्हणून संध्याकाळी नजरबादच्या कचेरीतून आलात की परसात मला आणि आतेबहिणीला लाठी शिकवायचात. मधेच दारात विंचू चावलेलं कोणीतरी येई, बन्नूरहून, कधी पार एच. डी. कोट्याहून. तुम्ही लाठी भिंतीला टेकवून हात धुता, तांब्यात पाणी घेता, त्या माणसासमोर मांडी घालून बसता. ओठ हलतात, आवाज येत नाही. लाठी फिरवताना तुमचा श्वास जसा पोटातून संथ चालायचा, अगदी तसाच तेव्हाही चालायचा. हे मला फार लहानपणी दिसलं होतं आणि मी विचारलंही होतं. तुम्ही म्हणालात, "दोन्ही एकच गं. आधी आपण गप्प बसायला शिकायचं, मग हात नाहीतर मंत्र. राग आला की दोन्ही नासतात." आणि कुणाकडून नारळसुद्धा घ्यायचा नाही, हेही त्याच दमात सांगितलंत.

मंत्र द्यायचा तो ग्रहणात, नदीत कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून. त्याआधी घेणाऱ्यानं चाळीस दिवस रागाचा एक शब्द बोलायचा नाही, रागानं हात उचलायचा नाही. मी सतरा वर्षांची होते. तुम्ही मला निवडलंत, आत्याच्या मुलीला नाही, आणि त्या गोष्टीचा मला इतका अभिमान वाटला की अभिमानही नियमात बसत नाही हे लक्षातच आलं नाही. एकोणचाळीस दिवस मी घरात मुक्यासारखी वावरले. आईला वाटलं, पोरीला बरं नाही. एकोणचाळिसाव्या संध्याकाळी आतेबहीण खेळता खेळता हसून म्हणाली, "तुला कशाला मंत्र? ग्रहण लागलं की घाबरून पळून येशील." तुम्ही "साकु" म्हणालात, म्हणजे पुरे. माझी लाठी त्यानंतर फिरली आणि तिच्या मनगटावर बसली.

तुम्ही ओरडला नाहीत. तिच्या मनगटाला हळद लावलीत, मग माझ्याकडे वळून म्हणालात, "साकु ऐकलंस की नाही?" मी म्हटलं, ऐकलं. "ऐकून मारलीस, मग झालं तर." ग्रहणाच्या दिवशी श्रीरंगपट्टणाच्या घाटावर टॉवेल घेऊन मी पायरीवर उभी होते आणि तुम्ही एकटेच पाण्यात. बाहेर आल्यावर केस पुसत म्हणालात, "पुन्हा एकपासून मोज. पुढच्या ग्रहणाला बघू." मी मोजलं नाही. मला फार राग आला होता, आणि खरं सांगायचं तर लाजही. मग बेंगळूरला नोकरी, मग लग्न, आणि मधली सगळी ग्रहणं मी ऑफिसात घालवली. तुम्हीही कधी विषय काढला नाहीत. तुम्ही गेलात, मंत्रही गेला. मी या घरात परत राहायला आले ती त्यानंतर.

गेल्या उन्हाळ्यात बन्नूरहून एक बाई आली. उसात काम करताना विंचू चावलेला, पाय सुजलेला, सोबत नवरा. अय्या कुठे आहेत म्हणून तुमची चौकशी करत होती. अय्या नाहीत म्हटलं, तर माझा हात धरून म्हणाली, "नीवे माडि, अम्मा." तुम्हीच करा. मी आधी फोन करून रिक्षा बोलावली, हॉस्पिटलात जायला हवं हे नवऱ्याला तीनदा बजावलं. रिक्षा येईपर्यंत ती कळवळत होती. मी हात धुतले, तांब्यात पाणी घेतलं, तिच्यासमोर बसले. ओठ हलवले. मंत्र कुठला येणार? लाठीचे आकडे म्हणत होते, तुम्ही परसात मोजायचात ते, एक ते सोळा, पुन्हा एक. श्वास मात्र तुमचाच होता. बाई हळूहळू शांत झाली, तिचे खांदे खाली आले. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, उतार पडला. आठवड्यानं ती नारळ घेऊन आली. मी घेतला, अप्पा. त्याची चटणी केली.

आता लोक येतात. माझ्याकडे मंत्र आहे असं त्यांना वाटतं. मी हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही. प्रत्येकासाठी आधी रिक्षा बोलावते, एवढं इमान राखलं आहे. पण खोटं ते खोटंच, म्हणून त्या नारळानंतर मी चाळीस दिवस मोजायला घेतले. मंत्र द्यायला कोणी नाही हे माहीत असून घेतले. पहिल्यांदा सहाव्या दिवशी मुलीवर ओरडले. नंतर एकदा अकराव्या दिवशी, एकदा सव्विसाव्या. काल एकोणचाळिसावा होता, आणि फाटकासमोर स्कूटर लावणाऱ्या शेजाऱ्याला मी नको ते बोलले. आज पुन्हा एक.

हे पत्र तुमच्या लाठीखालच्या कोनाड्यात ठेवीन. सतरा वर्षांची असताना मला वाटायचं, तुम्ही पहिल्याच खेपेला चाळीस पुरे केले असतील. तुमचे किती वेळा मोडले, हे मी कधी विचारलंच नाही.