फुकट घालवलेला उतार

प्रिय रुपाली,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून चौथी पास बाईला पेन धरावं लागलं. चार वर्षं झाली, बाय. तुझी मुलगी आता चुरूचुरू बोलत असेल, आणि मी तिला एकदाही पाहिलेलं नाही. अक्षर लावून वाच, टाकू नकोस.

तुझ्या भाच्याने, हर्षितने, विजेवरची गाडी घेतली. चालू आहे की बंद, कळतच नाही. परवा गुडघ्याच्या डॉक्टरकडे म्हणून त्याने मला डोंबिवलीहून नौपाड्याला नेलं. मुंब्रा बायपासचा उतार लागला तशी मी ओरडले, अरे न्यूट्रल कर, कशाला जाळतोस! आठवतं ना बाय, डिझेल वाचवायला तुझे बाबा टेम्पो तसाच सोडायचे? मी देवाचं नाव घ्यायची आणि तू मध्ये बसून म्हणायचीस, बाबा, अजून जोरात. पोराने ऐकलं माझं. खाली आल्यावर म्हणतो, आजी, उतार फुकट घालवलास. या गाडीत पाय नुसता उचलायचा. मग चाकंच मोटरला फिरवतात, तिची वीज बॅटरीत जाते आणि त्या ओढीनेच गाडी हळू होते. न्यूट्रल केलं की काही मिळत नाही. म्हटलं, थापा मारू नकोस. येताना पलीकडच्या उतारावर त्याने दाखवलं, बॅटरीचा आकडा खरंच एकाने वाढला. चढताना खाल्लेली सगळी परत येत नाही म्हणे, थोडीच येते. तुझे बाबा असते तर दिवसभर त्या बायपासवर वर-खाली करत बसले असते.

ते आजारी पडले तेव्हा तुला आठवा महिना. म्हणाले, पोरीला आत्ता कळवू नको, मी उठून बसलो की सांगू. मला वाटलं, शहाणपणाचं आहे. ते उठले नाहीत. तू आलीस तेव्हा माणसं स्मशानातून परतलेली. तुला त्यांचं तोंड बघू दिलं नाही ते मी. वर तुझ्यावरच ओरडले. चूक माझी.

आता खरं सांगते. डॉक्टर-बिक्टर काही नव्हता. तुझ्या बिल्डिंगखाली अर्धा तास गाडीत बसून होते. तिसऱ्या मजल्यावर दोरीला छोटे फ्रॉक वाळत होते, ते बघितले आणि हर्षितला म्हटलं, चल. रविवारी दहाला पुन्हा येतेय. या वेळी जिने चढणार आहे, वेळ लागेल. शिव्या द्यायच्या तर दे, पण दार उघडून दे.

तुझीच,
आय