दुभाष्याची टिपणवही

प्रिय शंकासुरा,

अकरा वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकला असशील. हे नाव विभागात तुला मीच चिकटवलं होतं. आज ते लाडानं वाच. मला निवृत्त होऊन वर्ष झालं. गुडघे कुरकुरतात, बाकी ठणठणीत. सकाळच्या चहाला यांचा प्रश्न ठरलेला, "काय हो प्राध्यापकबाई, युद्धं का होतात ते कळलं का अखेर?"

तर बातमी अशी, की माझ्या पुस्तकातल्या त्या सीमायुद्धाचे कागद शेजारच्या देशानं पन्नास वर्षांनी खुले केले. राहवेना, म्हणून गेले. अभिलेखागारात पेन दारातच काढून घेतात, शिसपेन्सिल देतात. चौथ्या दिवशी दुभाष्याची टिपणवही हाती लागली. माझा सिद्धांत तुला पाठच असेल: आपल्या शेवटच्या खलित्यात 'तूर्त माघार नाही' असं होतं, त्यांच्याकडच्या भाषांतरात 'तूर्त' गळला, समोरच्यांनी ते आव्हान मानलं आणि तोफा धडाडल्या. त्या एका गळलेल्या शब्दावर माझी प्राध्यापकी उभी राहिली, पुस्तकाच्या तीन आवृत्त्या निघाल्या.

वहीत दुभाष्यानं लिहिलंय, "'तूर्त' राहून गेल्याचं त्याच दुपारी मंत्र्यांच्या कानावर घातलं. म्हणाले, कळलं. मी पुन्हा सांगितलं. म्हणाले, अहो, कळलं म्हटलं ना!"

हल्ला दुसऱ्या दिवशी पहाटे झाला.

मी इतका वेळ त्या पानाकडे बघत बसले, की तिथल्या कारकुनानं पाणी आणून ठेवलं. वाटलं होतं, रडू येईल. पण डोक्यात भुंगा सुरू झाला तो वेगळाच: सगळं कळूनही लढले, तर मग का लढले? विशीतल्या मुलीसारखी मी झपाझप पानं उलटत सुटले.

आणि तू आठवलास, तशी मी वही मिटली. चर्चासत्रात तू उठून विचारलं होतंस, "मॅडम, समजा त्यांना एकमेकांचं म्हणणं नीट कळलं होतं, तर?" मी म्हटलं, "मग आपण सगळे घरी जाऊ या!" वर्ग हसला. तू हसला नाहीस. पुढे त्यावर अख्खं प्रकरण लिहिलंस, दुभाष्याच्या मुलीला शोधून तिची मुलाखत जोडलीस. मी शेरा मारला, 'पुरावा अपुरा.' सहा महिन्यांत तू संशोधन सोडलंस. अर्जात 'घरगुती अडचण' लिहिलंस. अडचण कोण होती, ते मला तेव्हाही ठाऊक होतं. तू शाळेत शिकवतोस आणि मुलं तुला सोडत नाहीत, हे कानावर आलं.

आता लिहायला बसले आहे ते ज्यासाठी, ते सांगते. ती मुलाखत मी वाचलीच नव्हती. दुसऱ्या आवृत्तीची मुद्रितं टेबलावर होती आणि तुझी चाळीस पानं मला नको होती. मागच्या आठवड्यात वाचली. वडिलांनी चूक त्याच दिवशी सांगितली होती, असं ती मुलगी स्पष्ट म्हणते. हे सगळं मी विभागाला लेखी कळवलं आहे, चौथी आवृत्तीही थांबवली आहे. तुझी नोंदणी पुन्हा सुरू करता येते. फक्त तुझी सही हवी. मार्गदर्शक तुझ्या पसंतीचा निवड, मी नको. नाही म्हणालास तरी तुझ्यावर राग धरायचा मला हक्क नाही. पण येणार असशील, तर वहीची उरलेली नव्वद पानं अजून कुणी वाचलेली नाहीत. मी मुद्दामच थांबले आहे.

तुझीच,
चुकलेली मॅडम