सोजरामावशीची जीभ

९ जानेवारी १९५६, सोमवार

डोळ्यात कण गेला. उजव्या. ग्राइंडरवर हत्याराला धार लावत होतो. चष्मा खिळ्याला टांगलेला – माझ्याच हातानं! अकबर शेजारच्या लेथवरून ओरडला, "चोळू नको, भाऊ." तोवर चोळून झालं होतं.

सुटल्यावर सोजरामावशीकडे गेलो. आमच्या आळीत कुणाच्या डोळ्यात कुसळ, भुसा, लोखंड काही जावो, माणूस आधी तिच्या दारात. म्हातारी पापणी उलटते आणि जिभेच्या शेंड्यानं कण उचलते. भाकरी थापत होती. पिठाचे हात पदराला पुसत उठली. "हालू नगं, लेकरा." जीभ फिरली, कण बाहेर. त्याचं ती कुणाकडून काही घेत नाही. असा शेजार नशिबानं मिळतो.

११ जानेवारी

डोळा लालबुंद. पाणी थांबत नाही, उजेड सुईसारखा टोचतो. मंजुळेनं आरसा पुढं धरला. काळ्या बुबुळावर पांढरा ठिपका, तांदळाच्या कणीएवढा. बायको घाबरली की माझ्यावर चिडते, तशी चिडली. मावशी मध घेऊन आली. घातला. ठणका वाढला.

१२ जानेवारी

अकबरनं खाडा केला आणि मला सायकलवर बसवून पिंपरीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. मंजुळा आणि मावशी मागून टांग्यानं. मावशीला आत येऊ दिलं नाही. ती बाहेर, डॉक्टरांच्या खिडकीखालच्या बाकावर बसली.

डॉक्टरांनी डोळ्यात पिवळं औषध घातलं, भिंगातून पाहिलं. म्हणाले, "घड्याळावर काच असते ना, तसा बुबुळावर पडदा असतो. त्याला जखम झालीय. औषधानं ती हिरवी दिसते." मग विचारलं, "कण कुणी काढला?" मी सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. "ओरखडा कणाचा. पण चिघळला तो बहुतेक त्या जिभेनं, वर मध. जखम आत गेली तर डोळा जाईल. भरली तरी मधोमध फूल, म्हणजे पांढरा डाग पडला, तर दिसणं गेलंच समजा."

बाहेर येण्याआधी मी अकबरला आणि मंजुळेला बजावलं – म्हातारीला यातलं एक अक्षर कळता कामा नये. हाय खाईल ती.

१३ जानेवारी

पेनिसिलिनचे थेंब, तासातासाला. हे औषध म्हणे आता आपल्या पिंपरीतच तयार होतं. त्या कारखान्याच्या वासाला मी किती नावं ठेवली!

थेंब मंजुळा घालते. माझा डोळा उघडला की ही आपलेच डोळे मिटते. थेंब गालावर. शेवटी मावशी म्हणाली, "सर बाजूला. तुझ्यानं व्हायचं न्हाई." कोपरापर्यंत साबणानं हात धुऊन बसली. आजवर राख सोडून हाताला काही लावलं नव्हतं तिनं! बाटली गार राहायला हवी, म्हणून माठाखालच्या ओल्या वाळूत पुरून ठेवते.

१६ जानेवारी

भीती वाटते. लिहितोय तेही डाव्या डोळ्यानं, ओळी वाकड्या. उजवा गेला तर हत्याराची धार कशानं पाहू? फोरमन फार तर फाटकावर बसवील. नाहीतर बोचकं बांधून साताऱ्याला परत.

मावशी थेंब घालताना तोंडातल्या तोंडात काही पुटपुटते. देवाचं असावं. मी विचारलं तर म्हणाली, "गप पड. डोळ्याचं काम हाय, तोंडाचं न्हाई."

२० जानेवारी

डॉक्टरांनी पुन्हा पिवळं औषध घातलं. हिरवं कमी झालंय. बाहेर येऊन मावशीला सांगितलं तर ती बाकावरून उठलीच नाही. पदर तोंडाला लावून बसून राहिली. मला वाटलं, टांग्यानं कंबर धरली.

२८ जानेवारी

जखम भरली. कडेला बारीकसा धूसर डाग राहील, मधलं स्वच्छ! कॅलेंडरवरची तिथी उजव्या डोळ्यानं वाचली. मंजुळा रडली आणि मग उगाच मलाच ओरडली.

डॉक्टरांचे उपकार. अकबरचे, मंजुळेचे. आणि मावशीचे. तिच्या जिभेनं बिघडलं हे खरं, तिच्या हातानं सुधारलं हेही खरं. पण उद्या दुसरं कुणी तिच्या दारात गेलं तर? सांगायला हवं. तीनदा तिच्या ओसरीवर गेलो, तीनदा चहा पिऊन परत आलो.

६ फेब्रुवारी

कामावर. चष्मा डोळ्यावर. अकबर म्हणतो, "आता झोपतानाही काढू नको, राव."

१२ फेब्रुवारी, रविवार

मावशीच्या ओसरीवर बसलो होतो. आज बोलायचंच, असं ठरवून. तेवढ्यात वरच्या आळीची शालनबाई डोळा धरून आली – भुसा गेलेला. आता मावशी पापणी उलटणार, म्हणून मी उठलो. मावशी जागची हलली नाही. म्हणाली, "चोळू नगं. पाण्यानं धू, आन् तडक पिंपरीला डाक्टराकडं जा. माझी जीभ आता निस्ती भांडायला ठेवलीया."

शालनबाई गेली.

"बघतोस काय असा?" मावशी म्हणाली. "त्या दिशी खिडकी उघडीच व्हती."