बिनखिळ्याची फळी

प्रिय मोजणीदार,

या नावाने तुला हाक मारून तीस वर्षं झाली असतील. सहा वर्षांचा होतास तेव्हा माझ्या सुतारशाळेच्या दारात भुशाच्या ढिगावर उताणा पडायचास. दिवेलागणीला आढ्याखालच्या फटीतून वटवाघळं सुटू लागली की मोजायचास. मी रंधा बाजूला ठेवून शाळेतली एखादी कविता म्हणायला लागलो की चिडायचास, "बाबा, गप्प बसा ना, आकडा चुकतो!" सगळ्यात मोठा आकडा त्रेसष्ट. तो तू दारावर खडूने लिहिलास आणि मी त्या दाराला पुन्हा कधी रंग लावला नाही. तुझी आई म्हणायची, पोराला हिशेब कळतो, बापाला नुसती यमकं. खरंच होतं तिचं.

सुतारशाळा पाडून चार घरं बांधायचं तू ठरवलंस, त्यातलं एक आपलं, तेव्हा मला वाईट नाही वाटलं. तू परत आला होतास, एवढंच मला पुरे होतं. मग वन्यजीव खात्याच्या त्या पाहणीवाल्या बाई आल्या. अंगणात खुर्ची टाकून त्यांनी तुझ्यासारखंच एकेक मोजलं आणि म्हणाल्या, ही संरक्षित जात आहे; तीन महिने छपराला हात लावायचा नाही, दुसरीकडे त्यांची सोय करायची, मगच परवाना. आठवड्याने पुन्हा मोजायला येते म्हणाल्या. त्या गेल्यावर जिन्यात उभा राहून तू भागीदाराला फोनवर सांगत होतास, "अरे, उलट्या टांगलेल्या उंदरांपायी माझं वाटोळं व्हायची वेळ आलीय!" बोलताना हसत होतास. पण तुझं ते हसू मी पाळण्यापासून ओळखतो.

तीन महिनेच का, हे मी कुणाला विचारलं नाही. बाई अंगणातच होत्या, विचारलं असतं तर सांगितलं असतं. मला आपलं वाटलं, संध्याकाळी सगळी बाहेर पडतात, तेव्हा घर रिकामं असतं. पाखरू एक झाड गेलं की दुसरं शोधतं, असंच कवितांमध्ये वाचत आलो होतो.

दुसऱ्या पाहणीला फटीतून एकही बाहेर आलं नाही. बाई शिडीवर चढल्या, बोटांनी चाचपत राहिल्या आणि शेवटी त्यांनी पटाशीने फळी उचकटली. आतली मेलेली पिल्लं त्यांनी माझ्या कामाच्या टेबलावर रुमाल पसरून मांडली. एकवीस. अजून उडायलाही न शिकलेली. आया त्यांना आत टांगून चरायला जातात म्हणे. बाईंनी तुला विचारलं, "फळी कुणी बसवली?" तू फळी हातात घेतलीस. खिळा नव्हता, सांध्यात नख शिरत नव्हतं, लाकडाची रेघ तुळईच्या रेघेला जुळवलेली. तू एकदाच माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालास, "मी." तुला जन्मात सरळ खिळा ठोकता आला नाही रे! बाई म्हणाल्या, "काम मात्र सफाईदार आहे." आणि त्या क्षणीही माझ्यातला सुतार त्या शब्दाने सुखावला, ही लाज मी कुठे ठेवू?

परवाना गेला, खटला झाला, भागीदार पाठ फिरवून गेला. तू आणि सूनबाई सामान बांधून निघालात. निघताना तू माझ्या पाया पडलास.

आज वन्यजीव खात्याच्या कचेरीत गेलो होतो. म्हटलं, फळी मी बसवली. कारकून भला होता. त्याने खुर्ची दिली, पाणी दिलं. पेला माझ्या हातात हिंदकळत होता. तो म्हणाला, "आजोबा, या हातांनी? शिडीवर चढून? मुलाला वाचवायला येणारे तुम्ही पहिले नाही. निकाल लागलाय, घरी जा." माझं खरं आता कुणी लिहूनसुद्धा घेत नाही. म्हणून तुला लिहितोय. तुला ते पहिल्या नजरेतच कळलं होतं, पण मी तोंडाने म्हटलं नव्हतं: फळी मी बसवली. फट आता उघडी आहे. तू गेल्यापासून रोज दिवेलागणीला दारात खुर्ची टाकून बसतो, कविता म्हणत नाही, आकडा चुकू नये म्हणून. आज बेचाळिसावी संध्याकाळ. एकही नाही.

तुझाच,
बाबा