द्वारकाचं सगळं लिहून घेतलं

धरणगाव, सोमवार, मार्गशीर्ष १९८८

सगळ्यांत आधी आली ती शेजारची द्वारका, कोणी बोलावलेलं नसताना! माझी नात कुसुम धुळ्याहून आली आज. गोळी न देता मनाचं दुखणं बघणारी डॉक्टरीण, मी तर फुलूनच गेले. हल्ली गावोगाव विचारत फिरते, मन बिघडलं तर माणसं आधी कुठं जातात, दवाखान्यात की भगताकडे. द्वारका लगेच सुरू, "माले रातभर झोप नही ये, बठ्ठं लिखी ले, माय." सगळं लिहून घे म्हणे, अन् दोन तास लिहिलं पोरीनं! मी चहा घेऊन गेले तर वही मिटली. रोज दुपारी घोरते ती बाई, तिच्या झोपेचं काय एवढं? दोन तास! माझ्याजवळ कधी बसली का कुसुम इतकी?

शेवटी विचारलंच, "माझं कधी लिहिणार?"

"घरच्यांना विचारायचं नसतं गं आजी, तसा नियम आहे."

नियम म्हणे! तिच्यासोबत आलेली मीना हसली, "आजी, मी तर परकीच ना? मी विचारेन."

आमचे हे गेले तेव्हा सहा महिने माझा डोळ्याला डोळा नव्हता. घरात कोणाला ठाऊक नाही, कोणी विचारलंच नाही. मीनाला सांगेन. गुरुवारी परत येतो म्हणाल्यात दोघी.