सिडार ओढ्याकाठच्या मागल्या शेताची व्यवस्था

मी, मलान्या झायत्सॉफ, वय वर्षे एक्क्याऐंशी, राहणार सिडार वस्ती, स्लोकन खोरे, ब्रिटिश कोलंबिया, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. देताना ते हसले, पण दिला. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही, ती आजवर कोणाला जमलेलीही नाही. याआधीची मृत्युपत्रे रद्द समजावीत, विशेषतः रागाच्या भरात लिहिलेले दुसरे.

कलम १. माझे दिवंगत पती अल्योशा यांच्या दोन्ही करवती वस्तीच्या सामायिक कोठारात द्याव्यात. अल्योशा आयुष्यभर लाकूडतोड्या होता. आम्ही झाडे पाडूनच जेवलो, तेव्हा मला 'झाडांना मिठ्या मारणारी म्हातारी' म्हणणाऱ्यांनी जरा दमाने घ्यावे. मात्र ओढ्याच्या उगमाकडच्या चढावर त्याने करवत कधी नेली नाही. वस्तीतल्या प्रत्येक घराच्या नळाला तिथलेच पाणी येते. शेजारच्या खोऱ्यात चढ उघडा केला, तर बर्फ वितळताच त्यांच्या नळांतून चिखल आला.

कलम २. उत्तरेच्या कुंपणाजवळचे सफरचंदाचे झाड अस्वलाचे आहे. त्यावर कोणी हक्क सांगू नये. अस्वल दर वर्षी येते, खाते आणि जाते. मत मागत नाही.

कलम ३. बँकेतली शिल्लक आमच्या गायनमंडळाला. अट एवढीच की माझ्या अंत्यविधीला स्तोत्रे पूर्ण म्हणावीत. थंडी आहे म्हणून कडवी गाळायची नाहीत. मला ऐकू येईल.

कलम ४. अंत्यविधीच्या वेळी आपल्या दुखोबोर पंथाच्या रिवाजाप्रमाणे मेजावर पाव, मीठ आणि पाण्याचा तांब्या असावा. पाणी ओढ्याचेच, त्याच सकाळी भरलेले. बोर्श्टच्या, म्हणजे आपल्या कोबीच्या सुपाच्या, वासाने पुढारी येतीलच. ज्याला माझ्याबद्दल चार शब्द बोलायचे असतील त्याने आधी त्या पाण्याचा भरला पेला तळापर्यंत प्यावा. पाणी स्वच्छ असेल तर कोणाची हरकत असायचे कारण नाही. गढूळ असेल तर भाषणे लवकर आटोपतील.

कलम ५. माझी शेजारीण वेरा माकॉर्तॉफ हिला मी काहीही देत नाही. हे वाचून ती रुसली.

"वाफेचं न्हाणीघर मला देणार होतीस ना गं?"

"अगं, तुला साक्षीदार व्हायचंय. वकीलबाई म्हणाल्या, जो साक्षीदार म्हणून सही करतो त्याला या कागदातलं काही मिळत नाही. दिलं असलं तरी रद्द होतं."

"मग दुसरं कोणी बघ साक्षीला."

"दुसरं कोणी सगळं वाचणार नाही, वेरा."

तेव्हा कुठे तिचा राग उतरला. न्हाणीघर मी तिला हयातीतच देऊन टाकले आहे. माझ्या बोर्श्टमध्ये लोणी जास्त असते, असे तिने यापुढे म्हणू नये.

कलम ६. आता मागले शेत. चढावर जायला ट्रकांना दुसरी वाट नाही. एका बाजूला कडा आहे, दुसऱ्या बाजूला तळे. तिथली झाडे तोडू पाहणाऱ्या लाकूड कंपनीचा रस्ता व्हायचा तर माझ्या शेतातूनच व्हायला हवा. म्हणजे शेत ज्याचे, त्याच्या हातात सगळ्या वस्तीचे पाणी.

हे शेत मी माझा पुतण्या टिमथी झायत्सॉफ, आमदार, याला देते.

वेराने इथे कपाळाला हात लावला. टिमथी विरोधी पक्षात होता तेव्हा याच शेतातल्या खुंटावर उभा राहून म्हणाला होता, "काकू, मी जिवंत असेपर्यंत या चढावर कुऱ्हाड पडणार नाही." पुढे पक्ष सत्तेवर आला, तो वनखात्याच्या समितीचा अध्यक्ष झाला आणि रस्त्याच्या शिफारशीवर पहिली सही त्याचीच. मी फोन केला.

"टिमी, काय सही केलीस तू?"

"कुठली गं, काकू?"

"आपल्या चढाची!"

"तो आपला चढ होता? अगं, ढीगभर कागद येतात. सगळे वाचत बसलो तर सरकार चालेल का?"

तो खोटे बोलत नव्हता, याचेच मला जास्त वाईट वाटले. त्याची आई गिरणीच्या खानावळीत कामाला जायची तेव्हा हा दुपारभर माझ्या स्वयंपाकघरात असे. अक्षरे त्याला मी शिकवली, पिठात बोटाने काढून. वाचायला लागला तेव्हा मिठाच्या पिशवीवरचे सुद्धा वाचत सुटायचा.

टिमथीला हे शेत कोणत्याही कारणाने मिळू शकले नाही, तर ते वस्तीच्या पाणी समितीचे व्हावे, आणि समितीने ते कधीही कोणाला विकू नये, भाड्याने देऊ नये, त्यातून वाट देऊ नये.

कलम ७. दुसरा साक्षीदार म्हणून टिमथीला शनिवारी जेवायला बोलावले आहे. कायद्याने साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असे नाही. तरी अख्खा कागद त्याच्यापुढे ठेवीन, घाई करणार नाही, चष्माही पुसून देईन. त्याने वाचले तर तो सही करणार नाही. मग आम्ही पोस्टमनला बोलावू आणि शेत टिमथीचे होईल. जो सही करण्याआधी वाचतो, त्याच्या हाती ओढा सोपवायला मला भीती नाही. वकीलबाई म्हणाल्या, "आजी, हा शुद्ध खोडसाळपणा आहे." मी म्हटले, हो.

टिमी, इथपर्यंत आला असशील तर पेन खाली ठेव आणि वर बघ. मी समोरच बसले आहे. मला तुझ्याकडून हरायचे आहे रे.

येणेप्रमाणे लिहून ठेवले असून खाली दोघांच्या देखत सही करते.

मलान्या झायत्सॉफ
सिडार वस्ती, शनिवार, दि. १२ मे २०१२

साक्षीदार:

१. वेरा माकॉर्तॉफ. सगळे वाचले. लोणी जास्तच असते.

२. टिमथी झायत्सॉफ, आमदार. काकूला दीर्घायुष्य लाभो! बोर्श्ट झकास!